भाड्याच्या गाड्यांच्या ऑफिसात कामाला लागणार असाल तर

गाड्यांची हौस आहे म्हणून या लाइनीत येत असाल तर आधीच सांगतो, गाडीला तुमचा हात लागतो तो फक्त चावी देताना आणि घेताना. बाकी सगळा दिवस फोन, रजिस्टर आणि हुज्जत. जळगाव, धुळे, भुसावळला ट्रॅव्हल्सची ऑफिसं तुम्ही पाहिलीच असतील. बाहेर दोन अर्टिगा, एक इनोव्हा, आत एक टेबल, काचेखाली दरपत्रक. त्या टेबलामागे बसणारा, ज्याला शेठ ‘बुकिंगवाला’ म्हणतो आणि गिऱ्हाईक ‘ओ भाऊ’ म्हणतं, त्याची ही नोकरी. मी बी.कॉम. झाल्यावर तिच्यात शिरलो आणि अजून तिथेच आहे. भाड्याच्या गाडीची पिवळी पाटी, परमिट, टोलचा फास्टॅग हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

दारात उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या शेठच्या नसतात. बऱ्याचशा अटॅच असतात. गाडी दुसऱ्याची, पुष्कळदा ड्रायव्हरचीच, तिच्यावर कर्जाचा हप्ता. काम ऑफिस देतं आणि कमिशन कापतं. एरवी हा माणूस दिवसातून चारदा फोन करून ‘आहे का काही?’ विचारतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया आली, लग्नाच्या दाट तिथी आल्या, की त्याला बाहेरून थेट भाडं मिळतं आणि त्याचा फोन बंद लागायला लागतो. इकडे ओट्यावर बॅगा मांडून बसलेले आजोबा तुम्हाला विचारतात, ‘गाडी कोठे शे?’ म्हणून दाट तिथीला प्रत्येक अटॅच गाडीमागे एक राखीव नाव वहीत असू द्या. हो, वहीतच. एक्सेल चांगलंच आहे, पण रात्री दीडला फोन वाजतो तेव्हा उशाशी वहीच बरी.

आता मला जी गोष्ट महागात पडली ती. ही नीट वाचा, कंटाळा आला तरी.

बाहेरगावच्या भाड्याला रोज किमान ३०० किलोमीटर धरतात. गाडी २०० पळो की दारात उभी राहो, पैसे ३०० चे. इतपत गिऱ्हाइकालाही माहीत असतं. पण दिवस कसा मोजायचा हे त्याला कोणी सांगत नाही. त्याला वाटतं, गाडी दारात आल्यापासून २४ तास म्हणजे एक दिवस. बहुतेक ऑफिसांत तसं नसतं. रात्रीचे १२ वाजले, तारीख बदलली, की दुसरा दिवस लागला.

हिशेब मांडून दाखवतो. दर १२ रुपये धरा, सोपा पडतो. जळगावचं वऱ्हाड शुक्रवारी रात्री १० ला धुळ्याला निघालं. शनिवारी हळद, लग्न, जेवणं. गाडी परत आली शनिवारची मध्यरात्र उलटून एकला, म्हणजे रविवार लागल्यावर. पळाली जेमतेम दोनशे किलोमीटर, वेळ लागला २७ तास. नवरीचा मामा मनात म्हणतो, एक दिवस आणि वर थोडं, चला, चार हजार देऊ. तुमचं बिल निघतं तीन तारखांचं. ३०० गुणिले ३, म्हणजे ९०० किलोमीटर, म्हणजे १०,८०० रुपये. वर तीन दिवसांचा ड्रायव्हर भत्ता, टोल, पार्किंग. तेच वऱ्हाड शनिवारी पहाटे ५ ला निघून रात्री ११ ला परतलं असतं तर ३,६०० त भागलं असतं. रस्ता तोच, गाडी तीच.

दुसरा काटा मीटरचा. किलोमीटर गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात. गाडी जळगावच्या एमआयडीसीत उभी आणि माणूस भुसावळचा. तो आपल्या दारात मीटरचा फोटो काढतो आणि परत दारात उतरून दुसरा काढतो. जाता-येता पन्नासएक किलोमीटर त्याच्या फोटोत नसतात, तुमच्या लॉगशीटवर, म्हणजे गाडीच्या नोंदीच्या कागदावर, असतात. मग तो म्हणतो, चोरी केली.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. दरपत्रकावर ‘किमान ३०० कि.मी.’ एवढंच होतं, आणि फोनवर मी दर सांगून मोकळा झालो होतो. मामांनी टेबलावर हात आपटून ‘कसाना पैसा?’ म्हणजे कशाचे पैसे, असं विचारलं तेव्हा शेठ आतल्या खोलीत बसून राहिले. शेवटी पाहुणे मनाला येईल ते देऊन गेले आणि राहिलेली रक्कम माझ्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापली गेली. आज लिहितानाही राग येतो. नियम शेठचा, तो न सांगण्याची सवय शेठची, भुर्दंड मात्र टेबलावरच्या पोराला.

उपाय अगदी साधा आहे. बुकिंग घेण्याआधी व्हॉट्सॲपवर मराठीत पाठवायचं: ‘निघणं शुक्रवार रात्री १०, परत शनिवार मध्यरात्रीनंतर १, तारीख रविवारची. तारखा तीन, किमान ९०० कि.मी., दर १२. भत्ता तीन दिवसांचा. टोल, पार्किंग वेगळं. मीटर गॅरेज ते गॅरेज. मान्य असल्यास होय लिहा.’ ‘होय’ आल्याशिवाय रजिस्टरमध्ये नाव चढवायचं नाही, मग तो शेठचा साडू का असेना. आणि निघायची वेळ दोन तासांनी पुढे ढकलून त्याचा एक दिवस वाचत असेल तर तेही सांगा. शेठ नाराज होईल, होऊ द्या. ते घर पुढच्या लग्नाला तुमच्याकडेच येतं.

अजिंठ्याचं भाडं आलं तर हेच डोकं लावा. जळगावहून साठेक किलोमीटर, जाऊन-येऊन सव्वाशेच्या आसपास. त्याला बाहेरगावचा ३०० चा दर लावण्यापेक्षा ८ तास ८० किलोमीटरचं पॅकेज आणि वरचे किलोमीटर वेगळे, असं गिऱ्हाइकाला परवडतं. लेणी सोमवारी बंद असतात, हे बुकिंग घेतानाच सांगा. फर्दापूरच्या टी पॉइंटला आपली गाडी थांबते आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं, हेही. मुंबईहून रेल्वेने उतरलेल्या माणसाला हे माहीत नसतं आणि तो शिव्या ड्रायव्हरला घालतो.

पावसाळ्यात चाळीसगाव-कन्नड घाटातून कोणालाही वेळ कबूल करू नका. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तिथे दरडी कोसळून गाड्या रात्रभर अडकल्या होत्या. संभाजीनगरहून विमान पकडायचं असेल तर आदल्या दिवशी जा म्हणावं. बऱ्हाणपूरचं भाडं आलं की आधी गाडीचं परमिट काढून बघा. रावेरवाल्याला बऱ्हाणपूर शेजारचं गाव वाटतं, पण ते मध्य प्रदेश आहे. महाराष्ट्रापुरतं परमिट असलेली गाडी तिकडे पकडली तर ड्रायव्हरचा फोन तुम्हालाच येणार. नवापूरच्या पुढे गुजरातचंही तेच. तिथल्या रेल्वे स्टेशनात अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, पण आरटीओला त्याचं कौतुक नाही.

शिकायचं कोणाकडून? माझं मत ठाम आहे. शेठच्या पुतण्याकडून नको, मोबाइलवर ‘महिन्याला लाखो कमवा’ सांगणाऱ्यांकडून तर मुळीच नको. ऑफिसात एखादा पन्नाशीचा ड्रायव्हर असतो, सगळे त्याला नाना म्हणतात. त्याला चहा पाजा आणि कोणता रस्ता उखडलाय, चैत्रात वणीच्या गडावर गाडी कुठे लावायची, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत किती वेळ अडकायला होतं, ते विचारा. मात्र डिझेलच्या पावत्या नानाच्याही तपासा. प्रेम वेगळं, पावती वेगळी.

आणि एक काम कधीच करू नका, कोणी कितीही गळ घातली तरी. रात्रभर मुंबई करून आलेल्या ड्रायव्हरला सकाळी सातची ड्युटी लावायची नाही. तो स्वतः म्हणेल, ‘जातो ना भाऊ, हप्ता आहे.’ तरी नाही म्हणायचं. १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम लिहिलं होतं; नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतलीय. आपल्याकडे असे कायदे कोण पाळतो, हे मला माहीत आहे. पण ड्युटी स्लिपवर नाव तुम्ही लिहिता.

सेल्फ ड्राइव्हबद्दल. ज्या ऑफिसात पांढऱ्या पाटीच्या घरगुती गाड्या दिवसाच्या भाड्याने देतात, तिथे नोकरी धरू नका. विनाचालक गाडी भाड्याने द्यायला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं लागतात. १९८९ च्या रेंट-ए-कॅब योजनेप्रमाणे परवाना घ्यायचा तर किमान ५० गाड्या हव्यात. चार गाड्यांच्या शेठला विचारा, परवाना कोणाच्या नावाचा आहे? विनापरमिट गाडी भाड्याने चालवली तर कलम १९२-अ खाली १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे विमा. घरगुती गाडीच्या पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही. गाडी कुठे ठोकली गेली, कोणी दगावलं, तर कंपनी क्लेम नाकारते आणि गाडी कोणी दिली याचा शोध सुरू होतो. गाडी ताब्यात दिल्याच्या कागदावर सही कोणाची असते? तुमची. ‘सगळेच देतात’ हे उत्तर मीही ऐकलंय.

एवढं वाचून घाबरलात तर तसं काही नाही. दोन लग्नसराया काढल्या की दर, अंतरं, घाट सगळं तोंडपाठ होतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो आणि गिऱ्हाइकाला उभ्या गाडीतही एसी चालू हवा असतो, तेव्हा त्याचं डिझेल कोणाच्या खात्यात, हे सुद्धा न चिडता सांगता येतं. मला तर गुरुवारची शेगावची भाडी आवडतात. माणसं वेळेवर निघतात आणि येताना ऑफिसात प्रसाद देऊन जातात.

मुलाखतीत पगार विचाराल तर दुकानातल्या पोरापेक्षा थोडा जास्त सांगतील. त्यावर घासाघीस कराच, पण दोन गोष्टी तिथेच ठरवून घ्या. बिलात तूट आली तर ती पगारातून कापणार का? आणि रात्रीचे फोन ज्या मोबाइलवर येतात त्याचा रिचार्ज कोण मारणार? दुसऱ्या प्रश्नावर शेठ हसला तर समजा, तुम्ही.