नाल्यात जाळी लावताय? या चुका टाळा

दर जूनला माझा फोन वाजतो. पलीकडे एखादा नवा इंजिनिअर, नाहीतर ठेकेदाराचा भाचा. "दादा, घाटातल्या नाल्यावर जाळी टाकायची आहे. पाऊस लागायच्या आत होईल ना?"

पावसात नाल्यातून चिखल-दगडांचा लोंढा येतो, तो रस्त्यावर येण्याआधी अडवायला नाल्यात आडवी लावायची ही स्टीलची जाळी. ती टांगायला दोन-तीन दिवस पुरतात. पण अँकरची, म्हणजे जाळीचे दोर काठाला धरून ठेवणाऱ्या खिळ्यांची, भोकं पाडणं, त्यांत ग्राउट (सिमेंटचा पातळ गिलावा) भरणं, ते पक्कं होईस्तोवर हात न लावणं आणि मग अँकर ओढून चाचणी घेणं यात महिना जातो. तो महिना एप्रिल असावा. जूनमध्ये आठवण झाली असेल तर यंदा रस्ता बंद ठेवायची तयारी करा, जाळी पुढच्या वर्षी. मी आठ वर्षं उत्तराखंडात ही कामं केली, आता धुळ्यात राहून इकडच्या घाटांत जातो. डोंगर बदलला, चुका त्याच.

पहिली समजूत अशी, की खान्देशात पाऊसच कुठे पडतो. वर्षाचा आकडा कमी आहे, कबूल. पण लोंढा वर्षाच्या आकड्यावर येत नाही, दोन तासांत किती कोसळला त्यावर येतो. 2021 च्या ऑगस्टअखेरीस तितूर आणि डोंगरी नद्या चाळीसगावात शिरल्या, तेव्हाच कन्नड घाटात जागोजागी दरडी आल्या होत्या. आपला डोंगर बेसॉल्टच्या थरांचा. मधेमधे तांबड्या मातीचे पट्टे, वर कुजलेला मुरूम. उन्हाळाभर सुटलेले दगड नाल्यात पडून असतात, त्यांना फक्त पाणी हवं असतं.

दुसरी चूक, दरडीची जाळी नाल्यात लावणं. "दोन्ही स्टीलच्याच ना?" असं मला एकाने विचारलं होतं. सुटा दगड एका जागी एकदा आदळतो, म्हणून त्या जाळीची ताकद ऊर्जेत, किलोजूलमध्ये मोजतात. चिखल-दगडांचा लोंढा पूर्ण रुंदीवर रेटतो, लाटांमागून लाटा येतात, आणि थांबल्यावरही त्याचं ओझं जाळीवर राहतं. या चिखलाचा एक घनमीटर दोन टनांपर्यंत भरतो. वेग सेकंदाला 5 मीटरवरून 8 मीटर झाला, तर रेटा अडीच पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे हिशेब नाल्याचा करा. गोदामात कुठली जाळी उरली आहे, यावरून ठरवू नका.

आता माझी लाडकी चूक. जाळीचा खालचा दोर आणि नाल्याचा तळ यांच्यात मोकळी जागा ठेवतात. रोजचं पाणी, वाळू, लहान दगड खालून निघून जावेत, आणि मोठा लोंढा आला तरच जाळीने काम करावं, म्हणून. किती जागा, ते डिझाइनमध्ये दिलेलं असतं. नवख्याला मात्र ते भोक पाहवत नाही.

चाळीसगावच्या दक्षिणेला, सातमाळ्याच्या पायथ्याशी असाच एक नाला होता. आम्ही जाळी बसवली, खाली कमरेएवढी जागा सोडली आणि मी घरी आलो. मागे ठेकेदाराच्या माणसाला वाटलं, साहेब पाहणीला आले तर विचारतील, "खालून सगळं निसटणार, मग जाळी कशाला?" त्याने कुंपणाची चेनलिंक आणून ती फट तारेने शिवून टाकली. स्वतःच्या खिशातून, हे विशेष!

पहिल्या जोरदार पावसात दगड आलेच नाहीत. आला तो उन्हाळ्याचा पाचोळा, पळसाची आणि सागाची पानं, आणि वर पठारावरच्या शेतांतून नाल्यात लोटलेल्या पऱ्हाट्या. कपाशीच्या पऱ्हाट्या चेनलिंकमध्ये अशा विणल्या गेल्या की पाणी झिरपेना. मागे तळं साचलं. पाण्याने डावा काठ धरला, तिथला मुरूम पोखरला आणि बाजूने वाट काढून थेट रस्त्यावर उतरलं. सकाळी पोचलो तेव्हा डावीकडचा अँकर हातभर उघडा पडला होता, हलत्या दातासारखा. जाळीला ओरखडाही नाही. शेजारच्या शेतातले आबा काठी टेकून बघत होते. म्हणाले, "भाऊ, हाई जाळी शे का धरन?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून काम सोडताना मी खालच्या फटीचा टेप लावून फोटो काढतो आणि ठेकेदाराला पाठवतो. पाऊस लागण्याआधी एकदा जाऊन वरच्या दोनशे पावलांतल्या पऱ्हाट्या, लाकडं काढून घेतो. माझं काम यामुळेच टिकतं. शिवाय अँकर मुरुमात नाही, पक्क्या खडकात हवा. मुरुमातच घ्यावा लागला तर जास्त खोल, आणि काठाला दगडांचं संरक्षण. इथे घासाघीस करणाऱ्याशी मी भांडतो.

भरलेली जाळी रिकामी कोण करणार, हे आधी ठरवा. जाळी दहा मीटर रुंद, तीन मीटर उंच आणि तळाचा चढ पाचाला एक असेल, तर माल सपाट साचला असं धरूनही मागे सव्वादोनशे घनमीटर बसतो. म्हणजे 80 ब्रास, दोन ब्रासच्या डंपरच्या चाळीस खेपा. चढ दुप्पट असेल तर जागा निम्मीच. पोकलेन तिथवर पोचायला वाट नसेल, तर पहिल्या लोंढ्यानंतर ती जाळी म्हणजे नुसती पायरी. पुढचा लोंढा वरून उडी मारून जातो. स्वित्झर्लंडमध्ये इलग्राबेन नावाच्या ओढ्यात 2005 नंतर काही वर्षं खऱ्या लोंढ्यांवर अशा जाळ्या तपासल्या. भरलेल्या जाळीवरून दगड गेले की वरचा दोर किती झिजतो, हे तिथे दिसलं. त्या दोरावर लोखंडी पट्ट्यांचं संरक्षण असतं, ते "नंतर लावू" म्हणून राहून जातं.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. दोराचं टोक दुमडून लांब दोराला आवळतात ती क्लिप; तिच्या एका बाजूला खाचेचं खोगीर, दुसऱ्या बाजूला यू-बोल्ट. दोराच्या क्लिपचं खोगीर भार घेणाऱ्या लांब दोरावर आणि यू-बोल्ट कापलेल्या टोकावर हवा. दहातल्या चार साइटवर मी ते उलटं पाहिलंय. दोर ताणल्यावर क्लिपा पुन्हा आवळा. दोरावरचे ब्रेक, म्हणजे झटका पचवणारे भाग, लांबण्यासाठीच असतात, "ढिले वाटले" म्हणून वेल्डिंग करून बंद करू नका. एकदा लांबलेला ब्रेक बदला, हातोड्याने ठोकून सरळ करू नका.

आणि काम संपल्यावर उरलेल्या क्लिपा, दोराचे तुकडे नाल्यात सोडू नका. भंगारवाला ते उचलायला येतो, आणि मग जाळीला लावलेल्या क्लिपाही त्याच्या नजरेस पडतात. एका ठिकाणी दोन महिन्यांत सहा क्लिपा गेल्या. आता मी नट आवळले की वर वेल्डचा एक टिपका देतो. शुद्ध इंजिनिअर मंडळी यावर नाक मुरडतात, कारण नंतर ती क्लिप आवळता येत नाही. म्हणून टिपका फक्त हाताला येणाऱ्या खालच्या क्लिपांवर, तोही शेवटचं आवळून झाल्यावर, आणि दोराला आच लागणार नाही असा.