आरतीच्या आवाजात स्वमग्न मूल
गौरी-गणपतीला सांगलीत आजोळी जाताना स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलासाठी कान झाकणारे हेडफोन घेतलेत, तर आठ दिवस आधीपासून रोज पाच-दहा मिनिटं घरीच घालायची सवय लावा. ऐन आरतीला पहिल्यांदा चढवले की कानांवरचा दाबच नकोसा होतो आणि मूल ते भिरकावून देतं. झांजा वाजायच्या आधी घाला. बिथरल्यावर फारसा उपयोग होत नाही. पाहुणे जमण्याआधी तासभर पोहोचा, मागची शांत खोली त्याला आधीच दाखवा. पाया पडायची, पापा द्यायची सक्ती नको, हे आजीला फोनवरच सांगा. लांबून हात जोडले तरी पुरे. सांगली संस्थानच्या गणपतीचं विसर्जन पाचव्या दिवशी असतं, रस्ते भरून जातात. त्या दुपारी परतीचा प्रवास ठेवू नका.