थर्मो-टूच्या पेपरला येताना: रेसिड्युअल एन्थाल्पीची तयारी

लोणेऱ्याला विद्यापीठात थर्मो-टूचा, म्हणजे थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा पेपर द्यायला येताय ना, मग आधी स्टीम टेबल (पाणी-वाफेच्या गुणधर्मांचं पुस्तक) प्लास्टिकच्या पिशवीत डबल गुंडाळा, माणगावला उतरल्यावर पाऊस गाठतोच. कॅल्क्युलेटरचे सेल बदला. झालं, आता खरी तयारी.

रेसिड्युअल एन्थाल्पीची व्याख्या पाठ नको, कळलेली हवी: पदार्थाची खरी एन्थाल्पी (आंतरिक ऊर्जा अधिक दाब गुणिले घनफळ) वजा तोच पदार्थ त्याच तापमान-दाबाला आदर्श वायू असता तर असती ती. "त्याच तापमान-दाबाला" गाळलंत की मार्क गेले. वजाबाकीची दिशाही आत्ताच बघून ठेवा, काही जुन्या पुस्तकांत ती उलटी असते, मी तसल्याच एका झेरॉक्सवरून अख्खं गणित नीट सोडवलं आणि शेवटी चिन्ह उलटं, बसलो बोंबलत.

चिन्ह तपासायला मोदकपात्र आठवा. १०० अंशांना साध्या हवेच्या दाबाला वाफ जवळपास आदर्श वायूसारखीच, म्हणून तिची रेसिड्युअल शून्याच्या आसपास, पण तीच वाफ पाणी झाली की मोलमागे ४०.७ किलोज्यूल सोडते (झाकण उघडताना हात का भाजतो कळलं?), म्हणजे त्या पाण्याची रेसिड्युअल साधारण उणे ४१. द्रवाची रेसिड्युअल अधिक चिन्हाची आली तर पुन्हा पहिल्यापासून बघा.

सूत्रांचं म्हणाल तर कमी दाबाला व्हिरियल समीकरण पुरतं, त्यातला बी हा तापमानावर अवलंबून असलेला गुणांक: रेसिड्युअल म्हणजे दाब गुणिले कंसात बी वजा तापमान गुणिले बीचं तापमानाशी डेरिव्हेटिव्ह, तापमान केल्विनमध्येच. जास्त दाब दिसला की ली-केसलर पद्धतीची १९७५ची टेबलं, त्यात इंटरपोलेशनचा (दोन आकड्यांमधली किंमत काढायचा) हात बसवून या. दोन अवस्थांमधला फरक काढायचा रस्ता ठरलेला: खऱ्यातून आदर्शात, आदर्शातच तापमान बदला, मग परत खऱ्यात. पहिल्या पायरीची रेसिड्युअल वजा होते, निम्मी पोरं इथेच घसरतात.

शेवटचं, एक्सेस एन्थाल्पीशी गल्लत नको. रेसिड्युअलची तुलना आदर्श वायूशी, एक्सेसची आदर्श द्रावणाशी, त्यामुळे शुद्ध पदार्थाची एक्सेस शून्य, रेसिड्युअल नाही. ॲसिटोनमध्ये क्लोरोफॉर्म ओतलं की बाटली गरम लागते कारण हायड्रोजन बंध जुळतात, म्हणून तिथे एक्सेस एन्थाल्पी उणे. दोघींचं नातं विचारलं तर मिश्रणाच्या रेसिड्युअलमधून शुद्ध घटकांच्या रेसिड्युअल मोल फ्रॅक्शनने (एकूण मोलांतल्या वाट्याने) गुणून वजा करा की एक्सेस मिळते, आणि आदर्श वायू एकाच तापमान-दाबाला मिसळताना उष्णता येत-जात नाही हे वाक्य लिहायला विसरू नका, त्याच्याशिवाय डेरिव्हेशन अर्धवटच राहतं.