स्वयंसेवकांवर डिझर्टेशन करताय? मग फील्डला जायच्या आधी एवढं बघा

मुंबईत एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) किंवा समाजशास्त्र करणारी बरीच मुलं 'मदतकार्यातले स्वयंसेवक' असा विषय घेतात आणि लगेच गुगल फॉर्म बनवून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात. प्लीज असं नका करू, कारण फॉर्म भरणार तुमच्यासारखीच कॉलेजची मुलं, आणि वस्तीत खरं राबणारी माणसं त्यात येणारच नाहीत.

पहिलं काम म्हणजे स्वयंसेवक कोणाला धरायचं ते ठरवणं, यावर हवा तेवढा वेळ घाला. आयएलओची (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) 2013 ची व्याख्या आहे की विनामोबदला, कुणी सक्ती न करता, आपल्या घराबाहेरच्या लोकांसाठी केलेलं काम. वाचायला सोपी आहे, पण मुंबईत लावून बघा. एनएसएसवाला, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेतला मुलगा, दोन वर्षांत 240 तास भरतो आणि त्याचे मार्क मिळतात, तो यात बसतो का? महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका घरोघर फिरतात, त्यांना पगार नाही तर मानधन, आणि कामगार म्हणून हक्क मिळावेत म्हणून त्या वर्षानुवर्षं भांडतायत, मग त्यांना तुम्ही काय म्हणणार? माझ्या मते खरा विषय इथेच आहे, पैसा आणि सेवा यांच्या मधल्या जागेत, कारण तिथे बहुतेक करून बायकाच सापडतात.

वाचायचं कुठून? यूएन व्हॉलंटिअर्सचे 2011 पासूनचे जागतिक अहवाल फुकट मिळतात, तिथून सुरू करा. मग व्हीएसओ (परदेशात स्वयंसेवक पाठवणारी ब्रिटिश संस्था) आणि आयडीएस (इंग्लंडमधली विकास-अभ्यास संस्था) यांचा केनिया, नेपाळ, मोझांबिक, फिलिपिन्समधला अभ्यास बघा, कारण बाकीचं खूपसं संशोधन श्रीमंत देशातून काही महिन्यांसाठी येणाऱ्या तरुणांवर आहे, स्थानिक माणसांवर कमी. स्वयंसेवी क्षेत्रावरच्या व्होलुंटास जर्नलचे पेपर कॉलेजच्या लायब्ररीतून मागवा. 1998 ची एक प्रश्नावली (व्हॉलंटिअर फंक्शन्स इन्व्हेंटरी) सगळे वापरतात, लोक सेवा का करतात याची सहा कारणं मोजणारी, पण ती अमेरिकेत बनलीय, तशीच्या तशी भाषांतर करून वस्तीत वाटू नका, आधी चारपाच जणांना वाचून दाखवा आणि कुठे अडखळतात ते बघा.

फील्डसाठी एकच वॉर्ड किंवा एकच घटना घ्या. 26 जुलै 2005 चं उदाहरण घ्या, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस, आणि अडकलेल्यांना घरात घेणारे, चहा-बिस्कीट देणारे लोक कुठल्याच संस्थेच्या यादीत नव्हते. म्हणून फक्त संस्थेच्या कोऑर्डिनेटरने दिलेल्या नावांवर थांबू नका, त्या वेळी मदतीला कोण आलं होतं हे गल्लीत विचारत जा.

इंटरव्ह्यूत 'सेवा का करता' हा पहिला प्रश्न नको, भाषण ऐकायला मिळेल. शेवटचं काम कधी केलं, किती वाजता निघालात, रिक्षा, रिचार्जचा खर्च कोणी केला, तेव्हा घरचं कोणी बघितलं, हे विचारा. स्वयंसेविका ताईंना दुपारची कामं उरकल्यावर भेटा, कोऑर्डिनेटर शेजारी बसलेला नको. संमतीपत्र मराठी-हिंदीत वाचून दाखवा आणि नाव बदलणार हे स्पष्ट सांगा. पाणी भरलेलं असताना मात्र रेकॉर्डर घेऊन जाऊच नका, तेव्हा ती माणसं कामात असतात.

सबमिशनच्या आधी दोन पानी मराठी सारांश काढून ज्यांच्याशी बोललात त्यांच्याच समोर वाचा. कुठे चुकलंय हे ते लगेच सांगतील, ते थिसिसमध्ये घाला.