डोंगरात रिटायर व्हायचंय? जागा बघायला मे महिन्यात जाऊ नका, आणि आम्ही केलेल्या बाकीच्या पण या चुका टाळा

सोलापुरात एप्रिल लागला की रिटायर झालेल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात एकच किडा वळवळतो, सगळं आवरावं आणि महाबळेश्वर-पाचगणीकडं जाऊन राहावं. पारा ४३ वर, टेरेसवरच्या टाकीचं पाणी असं तापलेलं की दुपारी हात धुवायची चोरी, आणि नळाला पाणी यायचा वार आज नाहीच. मी एसटीत ३१ वर्षं काढली, शेवटची काही वर्षं कंट्रोलर म्हणून, त्यामुळं घाट, रस्ते, गावं मला कळतात असा माझा फार मोठा गैरसमज होता. जागा बघायला गेल्यावर तो उतरला. इसाराचे पैसे जाता जाता वाचले, ते पण आमच्या हिच्यामुळं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आम्ही मे महिन्यात गेलो. सोलापूरची भट्टी सोडून पंढरपूर, म्हसवड, गोंदवले करत साताऱ्यात पोचलो, तिथनं वर चढलो आणि संध्याकाळी अंगाला गार वारं लागलं, बस्स, तिथंच अक्कल गहाण पडली. एजंटनं प्लॉट दाखवला, समोर दरी, खाली धरणाचं पाणी चमकतंय, तो म्हणला काका इथं फॅन पण लागत नाही. खरंच लागत नाही ओ. पण जुलैत काय लागतं ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

ही म्हणली, पैसे द्यायच्या आधी एकदा पावसात राहून बघू. मी कुरकुर केली, पण जुलैत त्याच बाजूला एका घरात दोन खोल्या घेऊन बारा दिवस राहिलो. सोलापूरहून नेहमीसारखी कडक भाकरी नेली होती, जी आपल्याकडं महिना महिना टिकते, चुरून आमटीत घातली तरी कुरकुरते. तिसऱ्या दिवशी डबा उघडला तर भाकरी चपातीसारखी वाकली. मोडेना, वाकायला लागली! मिठाच्या बरणीत तळाला पाणी, माझ्या पट्ट्यावर पांढरी बुरशी, बनियन दोन दिवस दोरीवर असून ओलंच, शेवटी इस्त्रीनं वाळवलं, तर तेवढ्यात लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. घरमालकीण काकू हसायला लागल्या, म्हणल्या पाहुणे, आमच्याकडं जूनला भिजलेलं ऑक्टोबरला वाळतं.

आकडे आधी बघितले असते तरी कळलं असतं. सोलापूर जिल्ह्याला वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर. म्हणजे दसपट. २०२१ च्या जुलैत तर महाबळेश्वरला २४ तासात ५९४ मिलिमीटर पडला होता, आपला अख्ख्या वर्षाचा पाऊस एका दिवसात. बरं सगळ्या डोंगराला एकच पाऊस नसतो हे पण लक्षात घ्या. महाबळेश्वरहून पाचगणीकडं वीस किलोमीटर आलात की पाऊस तिसऱ्या हिश्श्यावर येतो, पसरणी घाट उतरून वाईत आलात की अजून कमी. भिलारला जे चालतं ते जुन्या महाबळेश्वरला चालेलच असं नाही. त्यामुळं "महाबळेश्वर साईडला जागा आहे" असं कोणी म्हणलं की नक्की कुठल्या वळणावर ते विचारा.

आता उलटी गंमत. एवढा पाऊस पडतो म्हणजे पाण्याला काय तोटा, असं वाटतं ना? ही दुसरी चूक. पाणी डोंगरावर थांबतच नाही. खाली काळा कातळ, वर जांभ्याचा पातळ थर, उतार असा की पडलेलं सगळं धोम नाहीतर कोयनेच्या धरणात जाऊन बसतं आणि तुम्ही एप्रिलमध्ये वर बसून ते धरण बघत टँकरची वाट बघता. दरीचा व्ह्यू असलेल्या प्लॉटवर तर हे हमखास. एजंटला "बोअरला पाणी आहे का" विचारू नका, तो हो म्हणणारच. शेजारच्या घरात जा, चहा प्या आणि विचारा, गेल्या एप्रिलमध्ये टँकर किती आणले आणि केवढ्याला पडले. आपण सोलापूरची माणसं, पाणी साठवायची सवय रक्तातच आहे, तरी जमिनीत मोठी टाकी बांधायचा खर्च धरूनच घराचं बजेट करा.

जमिनीच्या कागदाबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण इथंच माणसं बुडतात. तो एजंट आम्हाला पाच गुंठे देणार होता, आणि कसं, तर एका मोठ्या गट नंबरच्या जमिनीत अजून सात-आठ अनोळखी लोकांबरोबर सामाईकात नाव लावून. "सातबाऱ्यावर नाव येतंय ना काका, मग काय टेन्शन." टेन्शन हेच की नाव येतं पण तुमचे पाच गुंठे कुठले हे कुठंच लिहिलेलं नसतं, पुढं वाटप करायचं म्हणलं की तुकडेबंदी, म्हणजे शेतजमिनीचे बारके तुकडे करू न देणारा कायदा, आडवी येते, आणि बांधकामाची परवानगी मागायला गेलात की सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या गोळा करत फिरा. शिवाय कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणं शेतजमीन घ्यायला आपण शेतकरी असावं लागतं, नाहीतर आधी परवानगी. माझ्या नावावर मोहोळकडं वडिलोपार्जित दोन एकर आहे म्हणून माझं निभावलं असतं, पण आमच्या ग्रुपमधल्या दोघांकडं गुंठाभर पण शेती नाही आणि त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं.

सातबारा बघताना आपण फक्त मालकाचं नाव बघतो. खाली "इतर अधिकार" म्हणून रकाना असतो तो आधी वाचा. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, राखीव वनाची नोंद, जे काही लचांड असतं ते तिथं बसलेलं असतं. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी अटी असलेली जमीन, असं लिहिलं असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. आणि महाबळेश्वर-पाचगणी हा भाग २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे, तिथं झाड तोडायला, डोंगर खणायला, बांधकामाला वेगळे नियम लागतात, तेव्हा "आधी बांधा, मग रेग्युलर करून घेऊ" असल्या बोलण्यावर जाऊ नका. रस्त्याचं पण तसंच. प्लॉटपर्यंत गाडी गेली म्हणजे रस्ता आहे असं नाही, तो शेजाऱ्याच्या मेहेरबानीचा असू शकतो, नकाशावर दाखवा म्हणा.

पैसे देऊन बसला असाल तर? खरेदीखत झालं नसेल तर आधी थांबा, पुढचा हप्ता देऊ नका. पावती, चेकची नोंद, मेसेज सगळं एका जागी करा, तालुक्याच्या गावचा वकील धरा, आपला सोलापूरचा नको, तिथले फेरफार तिथल्याच माणसाला कळतात. खरेदी झाली असेल तर सगळ्यात आधी सरकारी मोजणी मागवा, हद्द कळल्याशिवाय कंपाउंडला एक खांब पण पुरू नका.

उताराची भीती मला आधी वाटत नव्हती. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३, तिन्ही जुलैत. २०२१ ला त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे पण गेली. हे आपण टीव्हीवर बघतो आणि विसरतो. जागा बघताना घराच्या मागं बघा. डोंगर कापून सपाटी केली असेल, विजेचे खांब नाहीतर झाडं एका बाजूला कललेली असतील, जमिनीत लांबट भेग असेल, किंवा भर पावसात नवीनच ठिकाणाहून गढूळ पाणी फुटत असेल, तर तो प्लॉट फुकट दिला तरी नको. मागं दगडी भिंत असेल तर तिच्यात पाणी निघायला भोकं आहेत का बघा, नसतील तर पाणी आत साठतं आणि एक दिवस भिंतीसकट खाली येतं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. गाव राहण्यासारखं आहे का हे मी एकाच गोष्टीवरनं ठरवतो, तिथं मुक्कामी एसटी येते का? रात्री गाडी गावात मुक्कामाला थांबते आणि सकाळी पहिली तीच सुटते, दुधाचे कॅन, शाळेची पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं सगळी तिच्यातच. जिथं मुक्कामी गाडी पावसाळ्यात पण बंद होत नाही तिथला रस्ता टिकतो असं समजा. तुम्ही म्हणाल आमच्याकडं कार आहे. आज आहे ओ. पंचाहत्तरीला धुक्यात पसरणी घाट कोण चालवणार? बोनेटच्या पुढचं दिसत नाही. एसटीला ६५ नंतर अर्धं तिकीट, ७५ नंतर फुकट, बायकांना अर्धं, पण गाडी आली तर ना.

दवाखान्याचं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. आम्ही जुलैत एकदा मुद्दाम रात्री दहाला निघालो, खोलीपासून साताऱ्यातल्या हृदयाच्या दवाखान्याच्या दारापर्यंत. दिवसा सव्वा तास लागलेला, त्या रात्री सव्वादोन तास, मधे एक झाड आडवं. मला स्टेंट आहे. गाडीत परत येताना आम्ही दोघं फार काही बोललो नाही.

ज्यांचं घर घेऊन झालंय त्यांच्यासाठी ओलीचं थोडं सांगतो. पाऊस मारतो तो पश्चिमेकडनं, त्या भिंतीला बाहेरून पत्रा लावा, स्लॅबवर पण पत्र्याचा शेड टाका, तिथले जुने लोक पावसाळ्याआधी गवतानं नाहीतर प्लास्टिकच्या कागदानं घर झाकून घेतात ते वेडे म्हणून नाही. आतनं पुट्टी लावून पेंटवर पेंट मारत बसू नका, फुगून पडतो. कपाटात बल्ब लावून ठेवायची युक्ती चालते, पण एलईडी लावून उपयोग नाही, तो तापत नाही, जुना पिवळा बल्ब शोधा. आणि चार महिने कुलूप लावून सोलापूरला येऊन बसलात तर ऑक्टोबरला गाद्या टाकूनच द्याव्या लागतील.

शेवटची चूक हिशोबात धरता येत नाही. हिला दुपारी बोलायला शेजारीण लागते, ते पण अर्धं मराठी अर्धं कन्नड. मला जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, जायचंच असतं, तिथल्या अक्षता सोहळ्याला हजर नाही असं एक वर्ष गेलं नाही. बारा दिवसात आठव्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांवर चिडायला लागलो, बाहेर धुकं, टीव्ही बंद, बोलून बोलून काय बोलणार.

म्हणून आम्ही घर घेतलंच नाही. जुळे सोलापुरातला फ्लॅट तसाच ठेवला आणि पाचगणीच्या अंगाला एका गावात, अर्थात मुक्कामी गाडी येते त्याच, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. पोरगं पुण्यात असतं, त्याला पण सोलापूरपेक्षा हे जवळ पडतं. यंदा पहिला वळीव झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला मिठाची बरणी ओलसर लागली तशी आम्ही बोचकं बांधलं. निघताना घरमालकीण म्हणल्या, पुढच्या वर्षी शेंगा चटणी एक किलो जास्त आणा, आणि ती कडक भाकरी पण आणा, मार्चमध्येच आणा, तेव्हा आमच्याकडं पण मोडते.