‘पोरं लायब्ररीत येत नाहीत’ म्हणण्याआधी या चुका टाळा

‘पोरं हल्ली वाचतच नाहीत’ हे वाक्य मी मुंबईतल्या कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं ऐकतोय. कॉलेजच्या लायब्ररीत काउंटरमागे बसून मीही ते म्हटलंय. मग एकदा टीवायबीकॉमच्या मुलीनं विचारलं, "सर, कॉस्टिंगचं पुस्तक कुठे?" मी रजिस्टरमधून मान वर न करता सांगून टाकलं, "657.42 बघ." पाच मिनिटांनी पाहतो, तर ती मैत्रिणीच्या गाईडची पानं मोबाइलवर टिपत होती.

आकडा बरोबरच होता. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूईच्या वर्गीकरणात कॉस्ट अकाउंटिंग तिथेच बसतं. पण ते मला ठाऊक, तिला कुठून असणार? ग्रंथालयतज्ज्ञ रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथं म्हणजे ‘वाचकाचा वेळ वाचवा’. एम.लिब.च्या पेपरात मी त्यावर पानभर लिहिलं होतं! आता रॅकच्या टोकाला आकड्याखाली मुलं म्हणतात तेच नाव लावलंय: कॉस्टिंग, टॅक्स, ऑडिट. आणि कुणी विचारलं की खुर्ची सोडून रॅकपर्यंत जायचं.

ओरिएंटेशन पहिल्याच आठवड्यात उरकणं

तेव्हा एफवायच्या मुलांना वर्गखोली सापडत नसते, त्यात तुम्ही ओपॅक, म्हणजे लायब्ररीचा कॉम्प्युटरवरचा कॅटलॉग, दाखवणार. सगळ्यांची मान हलते, डोक्यात काही शिरत नाही. पहिला प्रोजेक्ट मिळेपर्यंत थांबा, मग त्या विषयाच्या मॅडमकडून एक लेक्चर मागून घ्या आणि मुलांचेच विषय शोधायला लावा. दादरच्या फेरीवाल्यांवर प्रोजेक्ट असेल तर मुलगा अख्खं शीर्षक टाइप करतो आणि हाती शून्य येतं. येऊ द्या. मग ‘हॉकर्स’ टाकायला सांगा, ‘स्ट्रीट व्हेंडर्स’ टाकायला सांगा. 2014 च्या कायद्यात ‘पथविक्रेता’ शब्द आहे, तोही टाकू द्या. शब्द बदलला की पुस्तकं बदलतात, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की पुन्हा शिकवावं लागत नाही. माझ्या मते लायब्ररीनं शिकवण्यासारखं सगळ्यात मोठं काम हेच.

एन-लिस्टची नोटीस लावून मोकळं होणं

एन-लिस्ट म्हणजे कॉलेजच्या मुलांना ऑनलाइन पुस्तकं वाचायला देणारी योजना. कॉलेज तिचं सभासद असतं, पण मुलांची खाती उघडलेली नसतात किंवा लॉगिनचा मेल स्पॅममध्ये पडलेला असतो. काउंटरवर फोन हातात घ्यायला लावून तिथल्या तिथे लॉगिन करून घ्या. विरार लोकलमध्ये उभ्यानं ई-बुक वाचता येतं, हे मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं.

वेळ आपल्या सोयीची ठेवणं

सकाळी सातचं लेक्चर गाठणारी मुलं दुपारी मोकळी होतात, आणि नेमकं तेव्हाच आपल्या दारावर ‘लंच टाइम’ची पाटी. घरी दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं नि टीव्ही. बसायला जागा मिळते म्हणूनच कितीतरी जण येतात. जेवायच्या सुट्ट्या पाळीपाळीनं घ्या.

परीक्षेच्या तोंडावर क्रमिक पुस्तकाच्या सगळ्या प्रती होम इश्यूला गेल्या, तर शेवटी येणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. प्रत्येक पुस्तकाची एक प्रत रीडिंग रूमसाठी राखा. लायब्ररी बंद व्हायच्या वेळी ती प्रत एका रात्रीपुरती द्या आणि सकाळी उघडताच परत घ्या. कुणाला उशीर झाला तर दंडाची पावती फाडण्याआधी लोकल कुठे अडकली होती ते विचारा. जुलैत तर नक्कीच.