मूल बोलतं करायचंय? मग आधी थांबायला शिका

पुण्यात पाळणाघर चालवायला लागल्यापासून दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या आईबाबांकडून मी तेच ते सल्ले ऐकते आहे. 'मुलगे उशिराच बोलतात.' 'वेखंड उगाळून चाटवा.' 'घरात एकच भाषा ठेवा.' वेखंडाने कुणी बोलायला लागत नाही आणि दोन भाषांमुळे कुणाचं बोलणं अडत नाही. आई मराठी आणि बाबा कन्नड असतील, तर दोघांनी आपापल्या भाषेत मनसोक्त बोलावं.

पहिलं काम म्हणजे टीव्ही आणि मोबाइल बंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच. भरवतानाही नको.

मग मूल जिकडे बघतंय त्याबद्दल बोला. ते गॅलरीतून भंगारवाल्याची हातगाडी बघत असेल, तर त्याच्यासमोर प्राण्यांचे तक्ते धरू नका. 'गाडी आली. काका गाडी ढकलतायत.' एवढं पुरे. आणि नुसती नावं शिकवू नका. दे, उघड, पडलं, संपलं, अजून हे शब्द मुलाला दिवसभर लागतात आणि पुढे दोन शब्द जोडताना हेच कामाला येतात.

आता खरी अवघड पायरी: थांबणं. मला स्वतःला हे जमायला फार वेळ लागला, आणि बहुतेक घरांत गाडी इथेच अडते.

मुलाने खाऊचा डबा पुढे केला की आपण काय करतो? झाकण उघडून देतो. किंवा 'काय हवंय? उघडू? खाऊ हवा? बोल ना, खाऊ म्हण!' असा मारा करतो. दोन्हींत मुलाला बोलायला जागाच उरत नाही. त्याऐवजी त्याच्या उंचीला खाली बसा, डबा हातात धरा, 'डबा बंद आहे' म्हणा आणि चेहऱ्याकडे बघत गप्प राहा. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. हे दहा अंक भलते लांब वाटतात. मूल झाकणाकडे बघेल, तुमच्याकडे बघेल, झाकणावर थापट्या मारेल. मोडू नका ती शांतता. मग 'उघ' असं काहीतरी येतं. लगेच 'उघड! उघडला डबा!' म्हणत झाकण काढायचं.

दहा मोजून झाले आणि आवाज आला नाही, मुलाने नुसतं बोट दाखवलं, तरी शब्द तुम्ही म्हणा आणि डबा द्या. बोट दाखवणं हेही सांगणंच आहे. 'बोलशील तरच देईन' ही अट घालू नका. मी ठामपणे सांगते, भुकेलेल्या मुलाला अडवून धरलं की ते रडायला शिकतं, बोलायला नाही. पाहुण्यांसमोर 'काऊ कसा करतो? सांग, सांग' ही परीक्षाही बंद करा.

आजी-आजोबांना हे समजावणं सगळ्यात कठीण. नातवंडाने मान वळवायच्या आत पाण्याचं भांडं हजर असतं. त्यांना गोष्टीचं काम द्या. चिऊ-काऊच्या गोष्टीत 'चिऊताई, चिऊताई, दार...' एवढंच म्हणून थांबायचं. रोज तीच गोष्ट ऐकलेलं मूल उरलेला शब्द स्वतः भरतं.

पुढचं सोपं आहे. मूल 'बस' म्हणालं की तुम्ही 'लाल बस आली' म्हणा. 'तपाती' म्हणालं तर 'हो, चपाती' म्हणा, पुन्हा म्हणायला लावू नका.

सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, किंवा दोन वर्षांपर्यंत 'बाबा ये'सारखे दोन शब्द जोडलेले नाहीत, तर वाट बघत बसू नका. येणारे शब्द गेले, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना गाठा. आधी कान तपासून घ्या, मग स्पीच थेरपिस्टकडे जा. 'हाक मारली की बघतो की' ही कानांची तपासणी नव्हे. जन्मानंतरची तपासणी ठीक आली असली, तरी कानात पाणी साठून नंतर ऐकू कमी येऊ शकतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ही तपासणी मोफत होते.